दुसरा गुरू वायू : श्वासाचा एक अभ्यास

दत्तभक्तहो, गेल्या वर्षीच्या सप्ताहातली एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे हा लेख का लिहायला घेतला ते कळेल.

अमळनेरला आमच्या घरी दरवर्षी मार्गशीर्षात श्रीगुरुचरित्राचा सप्ताह असतो. दत्तजयंतीला दोन दिवस राहिले होते. पाचव्या दिवशीचे वाचन, सायंआरती, करुणात्रिपदी सगळे यथासांग झाले. रात्री दीडच्या सुमाराला पुतण्या उठवायला आला, "काका, आईला दम लागलाय." जाऊन पाहतो तर वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर उचललेले, छातीतून शिट्टीसारखा आवाज. एक अख्खे वाक्य बोलवेना. रिक्षा आणली, दवाखाना गाठला. वाफ दिली, ऑक्सिजन लावला. पहाटेपर्यंत आराम पडला. डॉक्टरांनी एकच विचारले, "यांचा रोजचा पंप कुठे आहे?"

पंप घरी होता. सप्ताह सुरू झाल्यापासून वहिनींनी तो घेतलाच नव्हता. एकभुक्त राहायचे, जमिनीवर निजायचे, बाहेरचे काही तोंडात घालायचे नाही, मग औषध तरी कशाला, असा त्यांचा विचार. वर मलाच म्हणाल्या, "भाऊ, सात दिन काय व्हस? दत्त महाराज शेतस ना. आनि तुम्हीच तं सांगेल व्हतं."

हो, मीच सांगितले होते. एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मी. निवृत्तीनंतर सकाळी गल्लीतल्या आठ-दहा जणांना प्राणायाम शिकवत असे. "जोरात श्वास घ्या, छाती भरून प्राणवायू घ्या, हळूहळू औषधं सुटतील," हे वाक्य मी कितीदा बोललो असेन याची गणती नाही. ते अर्धे चूक आणि अर्धे धोक्याचे होते. वर्षभर पुस्तके पुन्हा काढून जे शिकलो, ते या अंकाच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवतो. ही माझी चूक कबूल करणे आहे आणि एक धडाही.

अवधूताने वाऱ्याकडून काय घेतले

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. आपली परंपरा त्या अवधूताला श्रीदत्तात्रेय मानते. त्याने चोवीस गुरू सांगितले. पहिली पृथ्वी, दुसरा वायू. नाथांनी या स्कंधावर टीका लिहिली, म्हणून एकनाथी भागवत वाचणाऱ्यांना हे ओळखीचे आहे.

वाऱ्याकडून काय शिकलास, असे कोणी आपल्याला विचारले तर आपण बहुधा म्हणू, अलिप्तपणा. वारा सुगंधावरून जातो, दुर्गंधावरूनही जातो, पण कशाला चिकटत नाही. हे खरेच आहे. पण हा बाहेरच्या वाऱ्याचा धडा झाला. अवधूताने आधी आतल्या वाऱ्याचा, प्राणाचा धडा सांगितला आहे. प्राण आपले काम चालण्यापुरते घेतो आणि तेवढ्यात समाधान मानतो. साधकानेही निर्वाहापुरते घ्यावे, ज्ञान नष्ट होऊ नये आणि मन विखुरले जाऊ नये इतकेच.

मी हे कितीतरी वेळा वाचले होते. पण शाळेत शिकवलेली श्वसनसंस्था आणि हा उपदेश यांची सांगड कधी घातली नाही. आता घालून पाहू.

नाकापासून वायुकोशापर्यंत

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचे दर्शन घेऊन तापीकाठचा घोड्यांचा बाजार पाहिला नाही असा खान्देशी माणूस विरळा. घोडा दौडून आला की त्याच्या नाकपुड्या किती फुगतात ते पाहा. तोंड मात्र मिटलेले असते, कारण घोड्याला तोंडाने श्वास घेताच येत नाही. आपल्याला येतो, पण निसर्गाने काम सोपवले आहे ते नाकालाच.

नाकात केस आहेत, ते मोठी धूळ अडवतात. आत दोन्ही बाजूंना वळलेल्या हाडांच्या घड्या आहेत. त्यांवर ओलसर, रक्ताने भरलेले अस्तर आहे. मार्गशीर्षातली पहाटेची बोचरी हवा त्या घड्यांवरून जाताना गरम होते, दमट होते. तोंडाने घेतलेला श्वास या चाळणीतून जात नाही. थंडीत फिरताना तोंड उघडे ठेवणाऱ्याला ठसका लागतो तो यामुळे.

नाकातून हवा घशात येते. तिथे अन्नाची वाट आणि हवेची वाट एकमेकींना छेदतात. घास गिळताना श्वासाच्या वाटेवर पानासारखे एक झाकण पडते. जेवताना बोललो की ठसका का लागतो, हे यावरून कळेल. वडीलधारी माणसे "जेवताना बोलू नये" म्हणत, त्यात शरीरशास्त्रही होते.

पुढे स्वरयंत्र आणि त्याखाली श्वासनलिका. साधारण अकरा सेंटीमीटर लांब, अंगठ्याएवढी जाड. तिच्यात कूर्चेच्या अर्धवर्तुळाकार कड्या आहेत, म्हणून ती पिचकत नाही. छातीत तिचे दोन फाटे होतात, त्यांना श्वसनी म्हणतात. उजव्या फुप्फुसाला तीन खंड, डाव्याला दोन. डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते ना. मग फाट्याला फाटा, त्याला आणखी फाटा, असे साधारण तेवीस वेळा होते. उलटा धरलेला औदुंबर डोळ्यांपुढे आणा. खोड वर, फांद्या खाली, आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाला फळांचे घोस. ती फळे म्हणजे वायुकोश.

वायुकोश किती? तीस कोटींहून अधिक. सगळे उलगडून पसरले तर सत्तर चौरस मीटरच्या आसपास जागा व्यापतील, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी घराएवढी. प्रत्येकाभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ.

या सगळ्या वाटेवर साफसफाईही चालू असते. नळ्यांच्या आतल्या अस्तरावर चिकट पातळ थर असतो, त्यात धूळ अडकते. खाली सूक्ष्म रोमके असतात. ती शेतातल्या वाऱ्याने हललेल्या गव्हासारखी एका दिशेने हलतात आणि तो थर वर घशाकडे ढकलतात. विडी-सिगारेटचा धूर या रोमकांना आधी मंद करतो, मग नष्ट करतो. सकाळी उठल्यावर धूम्रपान करणाऱ्याला येणारा खोकला हा झाडूवाल्याचे काम घरमालकाला करावे लागण्याचा प्रकार आहे.

हवा कोण ओढतो?

शाळेत आम्ही एक प्रयोग करत असू. तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली, बुचातून आत गेलेली नळी, नळीच्या टोकाला फुगा, आणि बाटलीच्या तळाला ताणून बांधलेला दुसऱ्या फुग्याचा रबरी पडदा. पडदा खाली ओढला की आतला फुगा आपोआप फुगतो. त्या फुग्यात कोणी फुंकलेले नसते.

आपल्या छातीत हेच चालते. फुप्फुसांना स्वतःचे हात नाहीत. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखे श्वासपटल आहे. ते आकुंचन पावले की खाली सपाट होते. बरगड्यांमधले स्नायू बरगड्या वर आणि बाहेर उचलतात. छातीची पोकळी मोठी झाली, आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी झाला, की हवा आत येते. म्हणजे आपण हवा ओढतो असे वाटते, पण खरे म्हणजे आपण जागा करतो आणि हवा येते. भक्तिमार्गातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

श्वास सोडताना शांत बसलेल्या माणसाला काही करावेच लागत नाही. श्वासपटल सैल होते, ताणलेली फुप्फुसे रबरासारखी पूर्ववत होतात, हवा बाहेर जाते. घेणे श्रमाचे, सोडणे सहजाचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, वहिनींच्या दुखण्यात ती पुन्हा येणार आहे.

किती घेतो, किती ठेवतो?

शांत बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. त्यातली जवळजवळ १५० मिलिलिटर नाक, घसा, श्वासनलिका या वाटेवरच राहते. वायुकोशांपर्यंत पोहोचते ती ३५० मिलिलिटर. आत मात्र आधीचीच दोन-अडीच लिटर हवा शिल्लक असते. म्हणजे प्रत्येक श्वासाला आतल्या हवेचा सातवा भागच बदलतो. हा शिल्लक साठा आहे म्हणून दोन श्वासांच्या मधल्या काळात रक्ताला खळ पडत नाही.

बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के. आपण सोडलेल्या हवेत तो साधारण १६ टक्के असतो. म्हणजे आत आलेल्यातला पावभागच शरीराने घेतला, बाकीचा परत केला! एवढ्यात रक्त किती भरते? कोविडच्या साथीत घरोघरी ऑक्सिमीटर आले, तेव्हा निरोगी माणसाच्या बोटावर ९७, ९८ असे आकडे आपण सगळ्यांनी पाहिले. याचा अर्थ रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या शंभर जागांपैकी सत्याण्णव-अठ्ठ्याण्णव जागा साध्या श्वासानेच भरलेल्या असतात. लाल पेशी वायुकोशाजवळ पाऊण सेकंदच थांबते, तेवढ्यात तिचे भरून होते. आता सांगा, मी जोरजोरात श्वास घेऊन आणखी किती भरणार? एस.टी.त एखादीच सीट रिकामी असताना दारात पन्नास माणसे उभी केली तर बसणार एकच.

अवधूताने सांगितलेला आतल्या वायूचा धडा हाच. पुरेल तेवढे घेतो, उरलेले परत करतो.

आपल्या मराठीत ऑक्सिजनला 'प्राणवायू' म्हणतात. नाव गोड आहे, पण त्यानेच माझा घोटाळा केला. योगशास्त्रातला प्राण म्हणजे हा वायू नव्हे. प्राण हा जीवनाचा व्यापार आहे, ऑक्सिजन हा हवेतला एक घटक. दोन्हींना एकच नाव मिळाले आणि प्राणायाम म्हणजे ऑक्सिजनचा साठा करणे, असा समज माझ्यासारख्यांनी पसरवला.

लगाम कुणाच्या हाती?

श्वासाचा वेग ठरवतो मेंदूच्या तळाशी असलेला लंबमज्जेचा भाग. तो मुख्यतः पाहतो ते ऑक्सिजनकडे नव्हे, तर रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडकडे. इंग्लंडमधल्या हाल्डेन आणि प्रीस्टली या शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये हे दाखवून दिले. श्वास रोखून धरल्यावर जो जीव घाबरा होतो, तो ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे. आत कार्बन डायऑक्साइड साचू लागला म्हणून.

आता कोणी भराभर खोल श्वास घेऊ लागला तर काय होईल? ऑक्सिजन फारसा वाढणार नाही, कारण जागाच नाहीत. कार्बन डायऑक्साइड मात्र भसाभस बाहेर जाईल. तो फार कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. डोके हलके होते, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते. माझ्या सकाळच्या वर्गात एक-दोघांना असे व्हायचे. मी म्हणायचो, "ऊर्जा जागी होतेय." होत होते ते उलटेच, मेंदूला रक्त कमी मिळत होते.

यातला मोठा धोका पोहणाऱ्या पोरांना. विहिरीत किंवा नदीत जास्त वेळ बुडी मारता यावी म्हणून काही जण आधी भराभर वीस-तीस श्वास घेतात. कार्बन डायऑक्साइड उतरल्यामुळे 'आता वर ये' ही सूचना उशिरा मिळते. तोवर ऑक्सिजन संपतो आणि पोरगं पाण्यातच बेशुद्ध पडतं. घरातल्या मुलांना हे जरूर सांगा.

अमळनेरचा एक शिक्षक

हे सगळे वाचताना एका अमळनेरच्या शिक्षकाशी माझी गाठ पडली. नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ मधला. १९१६ पासून ते आपल्या गावात खान्देश एज्युकेशन सोसायटीत शिकवत होते आणि पुढे इथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. इथे असतानाच १९१९ मध्ये नर्मदेकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींची आणि त्यांची भेट झाली. ज्या नर्मदेच्या तीरावर गरुडेश्वरी १९१४ मध्ये श्रीवासुदेवानंद सरस्वती स्वामीमहाराज समाधिस्थ झाले, तीच ही नर्मदा. गुणे गुरुजी पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले गेले.

गुरूंवर त्यांची पूर्ण श्रद्धा होती, पण गुरूंनी दिलेली क्रिया शरीरात नेमके काय करते हे मोजून पाहायला त्यांची श्रद्धा आड आली नाही. वडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान आणि नौली यांचा अभ्यास केला. नौलीच्या वेळी पोटातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले. १९२४ मध्ये लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. प्राणायामात आत येणारे आणि बाहेर जाणारे वायूही तिथे तपासले गेले. जास्त ऑक्सिजन मिळतो म्हणून प्राणायाम करायचा, ही समजूत स्वामीजींनी खोडून काढली.

जे मी एकतीस वर्षांनंतर चुकीचे सांगत होतो, ते याच गावात शिकवून गेलेल्या माणसाने कितीतरी आधी दुरुस्त करून ठेवले होते. आपण गुरूंची छायाचित्रे लावतो, पण त्यांनी केलेले काम वाचायचे राहून जाते.

मग संथ श्वासाचा लाभ कोणता?

लाभ आहेच. तो कुठे आहे ते हिशेबाने पाहू. समजा, मिनिटाला सहा लिटर हवा घ्यायची आहे. बारा श्वास घेतले, प्रत्येकी अर्ध्या लिटरचे, तर वाटेवरची १५० मिलिलिटर वजा जाता वायुकोशांत ४.२ लिटर पोहोचते. चोवीस उथळ श्वास घेतले, पाव लिटरचे, तर २.४ लिटरच पोहोचते. आणि सहाच संथ श्वास घेतले, लिटरभराचे, तर ५.१ लिटर. हवा तेवढीच, पण धापा टाकणाऱ्याची बरीचशी मेहनत वाटेतच खर्च होते.

दुसरा लाभ मनाचा आणि हृदयाचा. मनगटावर नाडी धरून बसा. श्वास घेताना ती किंचित जलद होते, सोडताना किंचित मंद. सोडणे जितके लांब, तितका हृदयाला विसावा. आता आपल्या उपासनेकडे पाहा. बोलणे आणि गाणे हे श्वास सोडतानाच होते. ओवी वाचताना, 'दिगंबरा'चा गजर करताना, आरती म्हणताना आपण चटकन श्वास घेतो आणि लांबवर सोडत राहतो. कुणी न शिकवता श्वास संथ होतो. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. देव कुठल्या नावाचा, याचा श्वासाला फरक पडला नाही.

आपल्याकडे दिवसाचे २१,६०० श्वास सांगितले आहेत आणि त्यांवर आपोआप चालणाऱ्या सोऽहम् जपाला अजपा म्हटले आहे. दिवसाची मिनिटे १,४४०. भागून पाहा, मिनिटाला पंधरा येतात. शांत बसलेल्या माणसाचे डॉक्टरही बारा ते अठरा मोजतात.

वहिनींच्या छातीत काय झाले?

दम्यात बारीक श्वसनिकांच्या आतल्या अस्तराला सूज येते, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट स्राव वाढतो. श्वास घेताना छाती फुगते, तशा नळ्याही थोड्या उघडतात, म्हणून हवा कशीबशी आत जाते. सोडताना त्या आणखी अरुंद होतात आणि हवा आत अडकते. जे सोडणे निरोगी माणसाला सहज, तेच दम्याच्या माणसाला कष्टाचे होते. शिट्टी वाजते ती त्या अरुंद वाटेतून. छाती आधीच भरलेली असताना अशा माणसाला "जोरात श्वास घ्या" म्हणणे म्हणजे भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतणे.

वहिनींचा दमा जुना. त्यात सात दिवसांत काय काय जमले पाहा. डिसेंबरची थंडी, जमिनीवर धुळकट घोंगडी, बंद खोलीत सकाळ-संध्याकाळ धूप, कापूर आणि उदबत्ती, महाप्रसादाच्या तयारीला मागच्या अंगणात चूल. आणि पंप बंद.

या पंपाविषयी आपल्याकडे उगीच भीती आहे. "एकदा लागला की सुटत नाही" असे म्हणतात. पंपाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात. औषध सगळ्या शरीराला न फिरवता थेट नळ्यांवर जाते. बऱ्याच रुग्णांना दोन प्रकारची औषधे लागतात. एक दम लागल्यावर नळ्या उघडणारे. दुसरे सूज उतरवणारे, ते बरे वाटत असतानाही रोज घ्यायचे. वहिनींनी बंद केले ते दुसरे. ते बंद केल्यावर पहिल्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून माणूस फसतो. सूज हळूहळू चढते आणि पाचव्या रात्री गाठते.

संथ श्वसनाच्या सरावाने दम्याच्या माणसाला जोड म्हणून बरे वाटू शकते. पण जोड म्हणजे बदली नव्हे.

यंदाच्या सप्ताहाला बसण्यापूर्वी

माझ्या घरात आम्ही ठरवले ते सांगतो, आपल्याला पटेल ते घ्यावे.

डॉक्टरांनी दिलेले पंप, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, हृदयाच्या गोळ्या सप्ताहात बंद करायच्या नाहीत. एकभुक्त राहायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्यायच्या. सूज उतरवणारा पंप घेतल्यावर चूळ भरायची.

धूप-कापूर देवाला दाखवून उघड्या ओट्यावर ठेवायचा, खिडकी उघडी ठेवायची. चुलीचा धूर हा केवळ डोळ्यांना त्रास नाही. आयुष्यभर विडीला हात न लावलेल्या बायकांची फुप्फुसे चुलीच्या धुराने कायमची निकामी होतात. म्हणून महाप्रसाद यंदा गॅसवर.

वाचायला बसताना पोथी चौरंगावर उंच ठेवायची. वाकून बसले की पोट दाबले जाते आणि श्वासपटलाला खाली यायला जागा राहत नाही. ओवी एका दमात संपवण्याची ईर्ष्या नको.

दमा, रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणे डॉक्टर व जाणकार शिक्षक यांना विचारल्याशिवाय करू नये. हे आजच्या डॉक्टरांचेच म्हणणे आहे असे नाही. 'हठप्रदीपिका' सांगते की सिंह, हत्ती, वाघ यांना जसे हळूहळू वश करतात तसा प्राण हळूहळू वश करावा. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला असे विकार होतात, हेही तिथे लिहिलेले आहे. वर्गात मी पुढचा भाग सांगत असे, हा इशारा सोडून देत असे.

आणि दम लागलेल्या माणसाला एक वाक्य पुरे बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, पंप घेऊनही उतार पडत नसेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. आरती चालू असली तरी उठायचे. दत्तमहाराज रागावणार नाहीत.

यंदा वहिनींनी पोथीच्या चौरंगाशेजारी एक छोटी पितळी डबी ठेवली आहे. तिच्यात पंप. परवा मी सकाळच्या वर्गात सगळ्यांना बसवले आणि म्हटले, आज काही करायचं नाही, फक्त श्वास येतो आणि जातो ते पाहा. पाच मिनिटे कुणी बोलले नाही. शेवटी वहिनी म्हणाल्या, "भाऊ, हाई तं सोपं शे. पहिलेच का नई सांगं?"

मी काय सांगणार? मलाच ते आत्ता कळले होते. ज्याने वाऱ्याला गुरू केले त्या अवधूताच्या चरणी ही उशिराची समज ठेवतो.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त.